शाळा आणि वर्कशॉप एकत्र सांभाळताना या चुका टाळा

सकाळी शाळा आणि दुपारी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ मशीनवर, असाच मी शिकलो. आज माझ्या शेडमध्ये नववी-दहावीची तीन पोरं दुपारची शिकायला येतात. इतक्या वर्षांत कष्टाला कंटाळून गळालेलं पोरगं मी क्वचितच पाहिलं. खरी अडचण वेगळीच असते. शाळेला वर्कशॉप ठाऊक नसतं आणि वर्कशॉपला शाळा. मधल्या मध्ये पोरगं दोघांनाही ‘हो’ म्हणत राहतं, आणि एक दिवस काहीतरी सुटतं. बहुतेक वेळा शाळाच सुटते.

परीक्षेच्या तारखा मालकाला न सांगणं

दोन वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलानं लेखी परीक्षेसाठी रजा मागितली. मी लगेच दिली. पण विज्ञानाचं प्रात्यक्षिक लेखीच्या आधीच असतं, ते ना त्यानं सांगितलं, ना मी विचारलं. प्रात्यक्षिकाच्या दिवशी तो माझ्याच शेडमध्ये जॉबला, म्हणजे घडवायच्या भागाला, कानस मारत उभा होता. संध्याकाळी त्याच्या मित्राकडून मला कळलं. विचारलं तर खाली बघून म्हणाला, “मालक, जॉब अर्जंट हुता, म्हणून बोललो न्हाई.” ते आठवलं की अजून माझ्या पोटात तुटतं. विज्ञानाच्या शंभरात लेखीच्या दोन पेपरांचे ४०-४० आणि प्रात्यक्षिकाचे २०. माझ्या एका अर्जंट जॉबपायी त्याचे ते वीस जाणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर शाळेत गेलो. तोंडी किंवा प्रात्यक्षिक हुकलेल्यांसाठी मंडळ लेखी परीक्षेनंतर ‘आउट ऑफ टर्न’ तारीख ठेवतं, हे तिथं सरांनी सांगितलं, आणि त्याचं काम निभावलं. तुमच्याकडे असं झालं तर लपवू नका. त्याच दिवशी वर्गशिक्षकांना गाठा.

तेव्हापासून स्विचबोर्डशेजारी एक कॅलेंडर आहे. चाचणी, सहामाही, तोंडी, प्रात्यक्षिक, लेखी, सगळ्या तारखा पोरं स्वतः लाल पेनानं लिहितात. कोपऱ्यात वर्गशिक्षकांचा नंबर, आणि सरांच्या वहीत माझा. आमच्या धंद्याचा लोड मी निळ्या पेनानं लिहितो. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी स्पेअरची कामं अंगावर येतात, आणि नेमकी तेव्हाच सहामाही असते. मार्चएंडला माल काढायची घाई, आणि तेव्हाच बोर्ड. लाल-निळं एकाच चौकटीत आलं की जास्तीचा माणूस कधी लागणार, ते मला महिनाभर आधी दिसतं.

कुठलंही काम, कितीही वेळ

कोल्हापूर म्हटलं की फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आलीच. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडे ओळखीतून पोरगं चिकटवता येतं. पण १८ वर्षांखालच्या मुलाला फाउंड्रीत कामाला लावायला कायद्यानं बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्यात १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक प्रक्रियांपासून लांब ठेवलं आहे, आणि फाउंड्री त्याच यादीत येते. ‘नुसता उभा राहून बघेल’ हे बोलणं मी लई ऐकलंय. वितळलेल्या लोखंडाला बघणारा आणि काम करणारा यातला फरक कळत नाही.

वेळेचंही तसंच. याच कायद्यात किशोरवयीन मुलांसाठी तीन तास काम झाल्यावर तासभर सुट्टी, सुट्टी धरून एकूण सहा तास, संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही, ओव्हरटाइम नाही आणि आठवड्याला एक दिवस रजा, अशी मर्यादा आहे. दुपारची शाळा पाच-साडेपाचला सुटत असेल तर वर्कशॉपला जेमतेम तास-दीड तासच मिळतो. त्यापेक्षा सकाळच्या पाळीची शाळा मिळते का ते जूनमध्येच बघा. दुपारी दोन ते सहा हा वेळ शिकायला भरपूर होतो.

हजेरीवर पाणी सोडणं

नियमित विद्यार्थ्याला ७५ टक्के हजेरी लागते. ‘सर सांभाळून घेतील’ यावर वर्ष काढू नका. शाळा खरंच जमत नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणं हा सरळ मार्ग आहे. मीही पुढे दहावी त्यावरच झालो. पण तो फॉर्म परीक्षेच्या तोंडावर भरता येत नाही. अर्ज पावसाळ्यातच सुरू होतात आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. दिवाळीनंतर जाग आली तर वर्ष गेलं म्हणून समजा.

कागद न करणं

तीन-तीन वर्षं राबून पोरगं बाहेर पडतं आणि हातात एक चिठ्ठीसुद्धा नसते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली सरकारी पोर्टलवर नोंदणी झाली की करार होतो. मूल सज्ञान नसेल तर पालक सही करतात. विद्यावेतन मिळतं, शेवटी प्रमाणपत्रही मिळतं. २०१९ च्या नियमांत दहावी पास शिकाऊला महिना किमान ६,००० रुपये धरले होते. मात्र ती उमेदवारी बहुतेक ठिकाणी पूर्ण दिवसाची असते, दिवसाच्या शाळेबरोबर जमायची नाही. म्हणून दहावी होईपर्यंत दुपारचं शिकणं आणि मग नोंदणी, किंवा कळंब्याची आयटीआय, हा क्रम मला पटतो. तोवर निदान एक वही ठेवा. तारीख, काय शिकलो, कुठल्या मशीनवर, आणि खाली मेस्त्रीची सही. माझ्याकडून बाहेर पडलेल्या दोघांनी पुढच्या जागी ती वही दाखवली.

धडा आणि जॉब वेगळे समजणं

गेल्या महिन्यात नववी पास होऊन दहावीत गेलेला एक जण त्रिकोणमितीला वैतागला होता. टेपरचा, म्हणजे एका टोकाकडे निमुळता होत जाणारा, जॉब होता. जाड तोंड ४० मिमी, बारीक तोंड ३०, लांबी ५०. मी त्याला खडूनं पाट्यावर त्रिकोण काढायला लावला. फरक १०, निम्मा ५, म्हणजे टॅन बरोबर ५ भागिले ५०, ०.१. तक्त्यात बघितलं तर ५ अंश ४३ मिनिटं. लेथवर हत्यार धरणारी कंपाउंड स्लाइड तेवढी फिरवली, कट घेतला, मापायला व्हर्नियर लावलं. बारीक तोंड तीसला बसलं. पोरगं बराच वेळ त्या खडूच्या त्रिकोणाकडे बघत होतं. गणिताच्या सरांना मी फोन करून हे सांगितलं, तर त्यांनी तोच जॉब वर्गात मागवून घेतला.

आधीच मागं पडला असाल तर

पहिल्यांदा कामाचे तास कमी करा, शाळा नको. एखाद-दुसऱ्या विषयात दहावी अडली तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावी मिळते, आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. त्या महिन्यात रजा मागायला संकोचू नका. मालक नाही म्हणाला तर घरच्यांना घेऊन जा. एका बाईंनी माझ्याकडे येऊन स्पष्ट सांगितलं होतं, “माझ्या लेकाला जूनभर सोडा, जुलैत दुप्पट करंल.” मी सोडलं. दुप्पट मागितलं नाही. कॅलेंडरवर त्याच्या पुरवणीच्या तारखा लाल पेनानं मीच लिहिल्या.