फज जमवण्याची रीत आणि नावाची भानगड

फज म्हणजे साखर, साय आणि चॉकलेट आटवून केलेली मऊ मिठाई. तो करायचा असेल तर आधी साखरेच्या पाकासाठीचा थर्मामीटर आणा. अंदाजपंचे करणारे लोक आहेत आणि त्यांचा फज जमतोही, पण मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलंय. मला आकडा दिसल्याशिवाय चैन पडत नाही.

साहित्य थोडकंच. ४०० ग्रॅम साखर, एक कप साय किंवा क्रीम, ५५ ग्रॅमच्या आसपास बिनसाखरेचं चॉकलेट, चमचाभर लोणी, चिमूटभर मीठ. दोन चमचे ग्लुकोज सिरप मिळालं तर उत्तम. साखरेचे खडे मोठे होण्याला ते आडकाठी घालतं.

जाड बुडाच्या खोल पातेल्यात लोणी सोडून सगळं एकत्र करा आणि मंद आचेवर साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. चमच्याला कचकच लागता कामा नये. मग आच वाढवा, उकळी आली की चमचा बाजूला. पातेल्याच्या कडांना साखरेचे कण चिकटलेले दिसतील, ते ओल्या ब्रशने पुसून खाली उतरवा. एक कण जरी मागे राहिला तरी त्याच्याभोवती बाकीची साखर गोळा होते आणि फज रवाळ होतो.

पारा ११४ अंश सेल्सिअसला पोचला की गॅस बंद. जुन्या हातांना हाच गोळीबंद पाक: थंड पाण्यात थेंब टाकला तर मऊ गोळी वळते आणि बोटात दाबली की चपटी होते. तुम्ही उंचावर राहत असाल तर आधी नुसतं पाणी उकळून बघा. पाणी ९८ अंशांनाच उकळलं तर फजसाठीही ११४ ऐवजी ११२ धरा. थर्मामीटरच खोटं बोलत असेल तरी याच युक्तीने पकडला जातो.

आता लोणी वर ठेवा, पण मिसळू नका. पातेलं हलवू नका, खरवडू नका. पारा ४५ च्या खाली येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, आणि त्याला तासभर तरी लागतो. सगळ्यांचा धीर सुटतो तो इथेच.

तेवढ्यात नावाची भानगड ऐका. मिठाईचं नाव म्हणून ‘फज’ १८८० च्या दशकातला. ‘फज’ हे इंग्रजी क्रियापद त्याहून दोनेकशे वर्षांनी जुनं. काहीतरी ठोकूनठाकून बसवणं, थातूरमातूर करून वेळ मारून नेणं, हा त्याचा अर्थ. ‘जुळणं, बसणं’ अशा अर्थाच्या ‘फॅज’ या जुन्या शब्दाचंच हे बदललेलं रूप असावं, असं मानतात. सतराव्या शतकातल्या एका व्यापारी जहाजाच्या कप्तान फजचीही गोष्ट सांगतात. जहाज रिकामं आलं तरी हा मालकांसाठी थापांचा भरपूर माल घेऊन येई म्हणे! गोष्ट झकास आहे, पण शब्द त्याच्यावरून आला यावर माझा विश्वास नाही. पुढे ‘फज!’ म्हणजे ‘काहीतरीच काय!’ असा उद्गार झाला. ऑलिव्हर गोल्डस्मिथ या लेखकाच्या १७६६ च्या ‘द व्हिकर ऑफ वेकफिल्ड’ कादंबरीत एक पात्र समोरच्याच्या प्रत्येक वाक्याला हाच शेरा मारतं. आकडे हवे तसे वाकवण्यालाही इंग्रजीत फजच म्हणतात. प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून निरीक्षणं मागाहून भरणारे विद्यार्थी मी भरपूर पाहिले आहेत, त्यामुळे हा अर्थ मला सगळ्यात जवळचा.

मिठाईचा माग अमेरिकेत सापडतो. १८८६ मध्ये बाल्टिमोरला ती ४० सेंट पौंड भावाने विकली जात होती. एमेलिन हार्टरिज या विद्यार्थिनीने ती कृती मिळवली आणि १८८८ मध्ये व्हासार या तिथल्याच मुलींच्या कॉलेजातल्या लिलावासाठी ३० पौंड फज केला. तिच्या पत्रामुळे हे कळतं. कुणाचं तरी कॅरमल बिघडलं आणि तोंडून ‘फज!’ निघालं, ही कथा मात्र ऐकून सोडून द्यावी.

पारा उतरला? आता लाकडी चमच्याने घोटायला घ्या. गरम पाक ढवळला तर खडे थोडेच पण मोठे होतात; थंड झाल्यावर घोटला तर असंख्य बारीक खडे एकदम तयार होतात आणि जिभेला वेगळे जाणवतच नाहीत. म्हणून सुरू केलं की थांबायचं नाही, हात दुखला तर दुसऱ्याला बोलवा. मिश्रण घट्ट होईल आणि वरची चकाकी अचानक मावळेल. त्याच क्षणी लोण्याचा हात फिरवलेल्या ट्रेमध्ये ओता. मिनिटभर उशीर झाला तर पातेल्यातच धरतं.

रवाळ झालाच तर फेकू नका. पाव कप पाणी घालून मंद आचेवर विरघळवा आणि पुन्हा ११४ पर्यंत न्या. फज धरलाच नाही तरी हाच उपाय. तुकडे कापल्यावर हवाबंद डब्यात ठेवा, थरांमध्ये बटर पेपर घाला. दुसऱ्या दिवशी तो आणखी मऊ लागतो.