बॉर्डर कोली वयात येताना : घराने करून ठेवायची तयारी

बॉर्डर कोली या मेंढ्या राखणाऱ्या जातीच्या कुत्र्याचे पिल्लू पाच महिन्यांचे होण्याच्या सुमारास घराने पुढची तयारी हाती घ्यावी आणि सहावा महिना उलटण्यापूर्वी ती पुरी करावी. किशोरवय साधारण सहाव्या महिन्यात सुरू होते, दीड वर्षापर्यंत चालते आणि या जातीत पुष्कळदा दोन वर्षांपर्यंत रेंगाळते. एकदा ते सुरू झाले की रोजचा दिवस निभावण्यातच घरच्यांची शक्ती जाते आणि नवी व्यवस्था लावायला उसंत उरत नाही. विकत आणायच्या वस्तू थोड्याच आहेत. वेळ लागतो तो घरातली मांडणी, दिवसाचे वेळापत्रक आणि माणसांच्या सवयी बदलायला, म्हणून या यादीत त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

तयारीची दिशा ठरते ती या कुत्र्याच्या मूळ कामावरून. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सरहद्दीवरच्या मेंढपाळांनी ही जात घडवली. नॉर्थंबरलँडमधील अ‍ॅडम टेलफर यांच्याकडे १८९३ साली जन्मलेला ओल्ड हेम्प हा तिचा मूळपुरुष मानला जातो. फारसे न भुंकता, मान खाली घालून, रोखलेल्या नजरेने मेंढ्या हलवण्याची त्याची पद्धत होती आणि तीच पुढच्या पिढ्यांत जपली गेली. हेरणे, नजर रोखणे, दबा धरणे आणि पाठलाग करणे ही साखळी लहान पिल्लात अधूनमधून दिसते, किशोरवयात मात्र ती पक्की होते, आणि समोर मेंढ्या नसल्या तर सायकली, मोटारी, धावणारी मुले, मांजर किंवा भिंतीवरचा कवडसा यांपैकी जे सापडेल त्यावर ती चालते. एकदा साधलेला पाठलाग हेच कुत्र्याचे बक्षीस असते, त्यामुळे लागलेली सवय मोडण्यापेक्षा ती लागूच न देणे फार सोपे जाते. पुढच्या बहुतेक सूचनांमागे हाच हेतू आहे.

घरापासून सुरुवात करावी. ज्या खिडकीतून रस्ता दिसतो तिच्या खालच्या भागाला धूसर कागद चिकटवावा किंवा तिथली बसण्याची जागाच हलवावी, कारण दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वाहनावर झेपावणारा कुत्रा आपल्या नकळत रोज पाठलागाचा सराव करत असतो, आणि वाहन दर वेळी निघून जात असल्यामुळे आपण ते पळवून लावले अशीच त्याची समजूत होत असावी. मुख्य दाराच्या आत आणखी एक अडसर असावा, मग ते लहान मुलांसाठी वापरतात तसले जाळीचे फाटक असले तरी चालेल. दोन्ही दारे एकाच वेळी उघडायची नाहीत हा नियम पाहुण्यांनाही लागू असावा. अंगण असल्यास कुंपणाच्या तळाशी उकरण्याजोगी जागा आहे का, आणि जवळ ठेवलेल्या एखाद्या बाकावरून वर चढता येते का, हे पाहून घ्यावे. कड्या-कोयंड्यांचे निरीक्षण हा कुत्रा फार बारकाईने करतो. खाली दाबायचे हँडल त्याला बहुधा महिन्याभरात उमगते, त्यामुळे अशा दारांना वरच्या बाजूने खिटी बसवावी. लेझरचा टॉर्च घरात असल्यास तो कुत्र्यापासून कायमचा दूर ठेवावा. प्रकाशाच्या ठिपक्यामागे धावण्याचा खेळ या जातीत फार लवकर वेडाच्या पातळीला पोहोचतो, आणि मग घड्याळाच्या काचेवरून भिंतीवर पडलेला कवडसा हलून गेल्यावरही कुत्रा शेपूट खाली ठेवून, हाकेला कान न हलवता, त्या रिकाम्या भिंतीकडे टक लावून उभा राहतो. असे दोन-तीनदा दिसले तरी ते गमतीत घेऊ नये. पडदे ओढून घ्यावेत, त्याचे लक्ष शांतपणे दुसऱ्या कामाकडे वळवावे आणि ते वारंवार घडू लागल्यास पशुवैद्याशी बोलावे.

बाहेरसाठी तीन वस्तू हव्यात : पाठीवर कडी असलेला, खांद्यांची हालचाल न अडवणारा हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा; दोन मीटरचा साधा पट्टा; आणि सुमारे दहा मीटरची लांब दोरी. ही लांब दोरी गळपट्ट्याला कधीही अडकवू नये, कारण वेगात धावणाऱ्या कुत्र्याला दोरीच्या टोकाशी बसणारा हिसका मानेवर झेलावा लागतो. दोरीला गाठी नसाव्यात, नाहीतर ती झुडपात अडकते. ती हाताभोवती गुंडाळू नये आणि धरताना हातमोजे घालावेत. दोरी आपोआप आत ओढून घेणारे पट्टे या कामाचे नाहीत. गळपट्ट्यावर संपर्क क्रमांकाची पट्टी असावी, आणि कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिच्या नोंदणीतला क्रमांक आजचा आहे याची खात्री करावी. फोन बदलतो आणि नोंद जुनीच राहते, असे पुष्कळ घरांत होते.

बोलावणे, ज्याला प्रशिक्षक रिकॉल म्हणतात, ते या वयात ढासळणार असे गृहीत धरूनच तयारी करावी. २०२० साली ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांवर केलेल्या ब्रिटिश अभ्यासात असे दिसले की आठ महिन्यांच्या सुमारास कुत्री आपल्या सांभाळणाऱ्याची ‘बस’ ही आज्ञा पूर्वीपेक्षा कमी पाळतात, परक्या माणसाची मात्र पाळतात. ते कुत्रे बॉर्डर कोली नव्हते, तरी अनुभव ओळखीचा आहे. पिल्लू असताना वापरलेला शब्द जर कानाआड होऊ लागला असेल, तर तो टाकून देऊन नवा शब्द किंवा शिट्टीचा सूर निवडावा, तो घरात उत्तम खाऊ देऊन नव्याने शिकवावा आणि कुत्रा येण्याची शक्यता नसेल तिथे तो उच्चारूच नये. आल्यावर कधीही रागावू नये, आणि बोलावले की पट्टा अडकवून थेट घरी असेही करू नये. दहापैकी नऊ वेळा खाऊ देऊन पुन्हा मोकळे सोडावे.

पाठलाग सुरू होण्यापूर्वीची घडी ओळखायला घरातल्या प्रत्येकाने शिकावे, कारण सगळी मदार त्यावर आहे. आधी उघडे असलेले तोंड मिटते. डोके खांद्यांच्या रेषेत खाली येते, कान किंचित मागे जातात, पुढचा एक पंजा अधांतरी राहतो आणि सगळे अंग एका रेषेत ताठरते. या अवस्थेच्या पहिल्या एक-दोन सेकंदांत नाव घेतले तर कुत्रा बहुधा वळून पाहतो. त्यानंतर हाक मारणे म्हणजे हाकेची किंमत कमी करणे, तेव्हा दोरी धरून शांतपणे अंतर वाढवावे. सरावाची जागाही अंतरावरूनच ठरवावी. सायकली जिथून जातात तिथून कुत्रा खाऊ घेऊ शकेल इतके दूर उभे राहावे, सायकल दिसताच खाऊ द्यावा, आणि आठवडे जातील तसे थोडे थोडे जवळ सरकावे. लहान मुलांच्या टाचा पकडण्याची ओढ या वयात डोके वर काढते. म्हणून मुले धावत असताना कुत्रा जाळीच्या फाटकापलीकडे किंवा पट्ट्यावर असावा आणि मुलांनी कुत्र्याला मागे लावून पळण्याचा खेळ खेळू नये. मुलांना हे आधीच नीट समजावून सांगावे. चावा बसल्यावर सांगण्यात अर्थ नसतो.

आता विश्रांतीबद्दल. ‘भरपूर दमवा, म्हणजे आपोआप शांत होईल’ हा सल्ला या जातीच्या बाबतीत सर्वांत फसवा आहे असे माझे ठाम मत आहे. दिवसभर डोंगरात धावू शकणाऱ्या कुत्र्याला रोज थोडे अधिक धावडवले, तर महिन्याभरात त्याचा दम वाढतो आणि तेवढे धावणे त्याला अपुरे पडू लागते. प्रौढ कुत्रा दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ झोपतो आणि वाढत्या वयात त्याहूनही अधिक झोप लागते, परंतु घरात हालचाल चालू असेल तोवर बॉर्डर कोली स्वतःहून पडत नाही. तो लोकांच्या मागे खोल्या बदलत राहतो. म्हणून घरातल्या कमी वर्दळीच्या कोपऱ्यात, त्याला उभे राहून सहज वळता येईल अशा मापाचा क्रेट, म्हणजे झोपण्याचा पिंजरा, किंवा जाळीचे आवार मांडावे, त्याचा तीन बाजूंनी आडोसा करावा, आत चघळण्याची वस्तू द्यावी आणि सकाळच्या फेरीनंतर व दुपारी अशा झोपेच्या ठरावीक वेळा पाळाव्यात. शिक्षा म्हणून तिथे कधीही कोंडू नये. संध्याकाळी पँटचे काठ ओढणे, सोफ्याभोवती गोल गोल धावणे, सांगितलेले काहीच न ऐकणे हे पुष्कळदा ऊर्जा उरल्याचे नव्हे तर झोप न मिळाल्याचे लक्षण असते, आणि अशा वेळी चेंडू बाहेर काढला तर सगळा प्रकार आणखी चिघळतो. शांत बसणे हेही शिकवावे लागते : चटई अंथरावी, कुत्रा तिच्यावर आडवा झाला की बोलल्याशिवाय पंजांच्या मध्ये खाऊचा तुकडा ठेवावा, आणि उठला तर काहीच म्हणू नये.

व्यायामाचा आराखडा कागदावर असलेला बरा. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण बारा ते चौदा महिने, वारंवार उंच उड्या, सायकलीबरोबर लांब पळणे आणि चेंडूमागे धावत अचानक थांबणे-वळणे टाळावे. मोकळ्या जागेत आपल्या मनाने भटकणे, चढ-उतार आणि वास घेत चालणे यांना हरकत नाही. एकच चेंडू पुन्हा पुन्हा फेकणे सांध्यांना जाचक आहेच, शिवाय त्याने नजर रोखण्याचे वेड वाढते. त्याऐवजी डोक्याला काम द्यावे : गवतात विखुरलेले खाद्य शोधणे, लपवलेली वस्तू वासाने हुडकणे, खेळण्यांची नावे ओळखणे. अमेरिकेतील चेसर नावाच्या बॉर्डर कोली मादीने १,०२२ वस्तूंची नावे शिकल्याची नोंद २०११ साली प्रसिद्ध झाली, पण तिचे मालक जॉन पिली हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते आणि त्यांनी तीन वर्षे रोज कित्येक तास त्यासाठी दिले होते. सामान्य घरात दहा मिनिटांचा धडा दिवसातून दोनदा पुरतो.

सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान काही काळ असा येतो की कालपर्यंत ओळखीच्या असलेल्या वस्तूंनाही कुत्रा बिचकू लागतो. कचऱ्याचा डबा, टोपी घातलेला माणूस, फडफडणारे कापड, काहीही पुरते. अशा वेळी ओढत जवळ नेऊ नये. दुरून पाहू द्यावे, स्वतःहून पुढे गेला तर जाऊ द्यावे आणि त्या आठवड्यात मोठे प्रवास किंवा गर्दीची ठिकाणे ठरवू नयेत. आवाजाची भीती या जातीत बरीच आढळते, तेव्हा फटाके किंवा गडगडाट यांच्या वेळी आसरा घेता येईल अशी, खिडक्या बंद करता येणारी खोली आधीच निवडून ठेवावी.

खाण्याबाबत फार सांगण्यासारखे नाही. दिवसाचे खाद्य सकाळी मोजून घ्यावे आणि सरावाचा खाऊ त्यातलाच धरावा. हात फिरवल्यावर फासळ्या सहज लागल्या पाहिजेत, पण दिसू नयेत. चॉकलेट, द्राक्षे व मनुका, कांदा, आणि झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड घटक असलेले पदार्थ विषारी असल्यामुळे कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण असावे.

पशुवैद्याकडे जाताना पैदास करणाऱ्याकडून मिळालेली कागदपत्रे घेऊन जावे. कोली आय अ‍ॅनोमली हा डोळ्यांचा दोष, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात पुरेशा न उतरणारा टीएनएस आणि मेंदूच्या पेशींचा ऱ्हास करणारा सीएल या आनुवंशिक आजारांच्या जनुकीय चाचण्या उपलब्ध आहेत. यांतल्या शेवटच्याची लक्षणे साधारण दीड ते दोन वर्षांच्या वयात दिसू लागतात, त्यामुळे अकारण भीती, चालण्यातला बदल किंवा नजर अंधुक होणे यांना सरसकट ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये. काही औषधे मेंदूला बाधू देणारा एमडीआर१ जनुकातील बदल या जातीत रफ कोली या दुसऱ्या जातीच्या मानाने कमी आढळतो, तरीही आयव्हरमेक्टिनसारखे परजीवींवरचे औषध मोठ्या मात्रेत देण्यापूर्वी तो आहे का हे विचारावे. जोमाचा व्यायाम सुरू झाल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत पाय अडखळणे, भांबावणे, कोसळणे असा प्रकार दिसल्यास तात्काळ थांबून कुत्र्याला सावलीत न्यावे व अंगावर पाणी घालावे; त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे, आणि बरोबर कोणी असेल तर त्याने त्या अवस्थेचे चित्रीकरण करून ठेवावे, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत कुत्रा बहुधा ठणठणीत दिसतो. मादी सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येऊ शकते आणि तो काळ सुमारे तीन आठवडे चालतो; त्या दिवसांत ती क्षणभरही मोकळी सोडायची नाही. नसबंदी कधी करावी हे सांध्यांची वाढ आणि कुत्र्याचा स्वभाव पाहून पशुवैद्याबरोबर ठरवावे, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ठरवू नये. लसींचे बूस्टर, जंतनाशक आणि गोचिडांवरचे औषध यांच्या तारखा एकाच वहीत असाव्यात.

अंगाला हात लावू देण्याचा सराव रोज दोन मिनिटे करावा : पंजा धरणे, कान उघडून पाहणे, ओठ वर करून दात पाहणे, आणि प्रत्येक वेळी खाऊ. पिल्लाचे मऊ केस जाऊन दोन थरांच्या केसांचा दुहेरी कोट येतो तेव्हा कानांमागे आणि मांड्यांच्या झालरीत जटा होतात; तिथे कंगवा मुळापर्यंत पोहोचला पाहिजे. उन्हाळा म्हणून हा कोट भादरू नये.

प्रशिक्षक निवडताना त्याचा एक वर्ग कुत्र्याशिवाय बसून पाहावा. गळा आवळणारी साखळी, खिळ्यांचा किंवा विजेचा पट्टा वापरणाऱ्याला नकार द्यावा. ‘अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेवियर’ या पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ च्या निवेदनात बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात असे म्हटले आहे. मेंढ्यांवर काम शिकवणारा जाणकार जवळपास असेल तर त्याच्याकडे जाण्यास हरकत नाही, पण थांबणे आणि परत येणे पक्के झाल्यावरच.

शेवटी घरच्यांनी एकत्र बसून शब्दांची एक छोटी यादी करावी आणि ती सर्वांना दिसेल अशी लावावी. खाली उतरण्यासाठी एकजण ‘उतर’, दुसरा ‘खाली’ आणि तिसरा ‘नाही’ म्हणू लागला, तर इतका हुशार कुत्रा तिघांचाही अर्थ आपल्या सोयीने लावतो. त्याच कागदावर कोण कोणत्या वेळी फिरवणार, घरी कोणी नसताना कोणाला बोलवायचे आणि रात्री कोणता दवाखाना उघडा असतो हेही लिहावे. लांब दोरी कधी सोडायची याचीही अट तिथेच नोंदवावी : सायकल, पळणारा माणूस आणि दुसरा कुत्रा या तिन्ही प्रसंगी सलग काही आठवडे दोरी न ताणता कुत्रा हाकेला आला, तर आधी ती जमिनीवर ओढत ठेवावी आणि मग कुंपण असलेल्या मैदानात काढावी. यांपैकी कोणाच्याही मागे तो एकदा जरी धावत गेला, तर आणखी महिनाभर दोरी राहू द्यावी.