कमी पाण्याची नमुना बाग करताय? या चुका टाळा

सोसायटीच्या आवारात, ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत नाहीतर शाळेच्या कुंपणालगत ‘कमी पाण्याची बाग’ करायला लोक हौसेने पुढे येतात. पण बाग नमुना म्हणून करायची असेल, तर ती नुसती हिरवी दिसून भागत नाही. ती किती कमी पाणी पिते, हे बघणाऱ्याला आकड्यात दिसलं पाहिजे. पहिली चूक इथंच होते: पाण्याच्या लाइनवर मीटरच नसतो.

बागेच्या लाइनला एक मीटर बसवा. शेजारी नेहमीच्या हिरवळीचा एक तुकडा मुद्दाम ठेवा आणि त्याला दुसरा मीटर लावा. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे रोज साधारण ५ लिटर पाणी लागतं. म्हणजे २० चौरस मीटरचा तुकडा रोज १०० लिटर पितो. दर सोमवारी फळ्यावर दोन्ही आकडे खडूने लिहिले की भाषणाची गरज उरत नाही. एवढा तुकडा सोडला तर बाकी लॉन नकोच.

दुसरं टोक म्हणजे निवडुंग, घायपात आणि पांढरे गोटे. आपल्याकडे पाऊस पडतो, तो चार महिन्यांत पडून जातो एवढंच. गोट्यांनी मे महिन्यात जागा आणखी तापते आणि बघणाऱ्याला वाटतं, पाणी वाचवायचं म्हणजे वाळवंटात राहायचं. त्यापेक्षा बहावा, आपटा, पळस, खाली तरवड, अडुळसा, निर्गुडी, करवंद लावा. बहावा भर उन्हाळ्यात फुलतो, तेव्हा लोक आपणहून थांबून विचारतात.

मात्र ‘देशी झाडाला पाणी लागत नाही’ हा समज रोपं मारतो. मुळं खोल जाईपर्यंत, म्हणजे पहिले दोन उन्हाळे, पाणी द्यावंच लागतं. नंतर पाणी हळूहळू तोडायचं. लागवडही ५ जूनच्या, म्हणजे पर्यावरण दिनाच्या, फोटोसाठी उरकू नका. मुंबईतसुद्धा मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो, मराठवाड्यात आणखी उशिरा. जमीन वीतभर ओली झाल्यावर लावलेली रोपं चांगली धरतात. पाहुण्यांना तेव्हाच बोलवा.

सगळ्यात जास्त तक्रारी ठिबकच्या. ‘शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही’ ही त्यातली पहिली. साधे ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोट्या, साधारण १ किलो (चौरस सेंटीमीटरमागे) दाबावर चालतात आणि तेवढ्या दाबासाठी टाकी १० मीटर उंच लागते. ३ मीटरच्या स्टँडवरची टाकी ०.३ किलोच दाब देते. पंप नसेल तर लॅटरल, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळ्या, आखूड ठेवा आणि कमी दाबावर चालणारे ड्रिपर किंवा मायक्रोट्यूब (अगदी बारीक नळी) घ्या. एकाच ओळीतले काही ड्रिपर बंद पडले असतील तर ते तुंबलेत. फिल्टर धुवा, लॅटरलची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. हे पंधरवड्याला एकदा व्हावंच. तोंडाशी पांढरा थर दिसला तर बोअरच्या पाण्याचे क्षार आहेत. ड्रिपर काढून व्हिनेगरमध्ये भिजवा. शेतात नळ्यांमधून आम्ल सोडून हा थर काढतात, पण जिथं पोरं खेळतात तिथं ॲसिडचा कॅन नको.

ड्रिपर खोडाला चिकटवूनही चालत नाही. रोप वाढेल तसा तो बाहेर सरकवायचा. काळ्या मातीत पाणी आडवं पसरतं, मुरमात सरळ खाली जातं. त्यामुळे एकाच अंतरावरचे ड्रिपर दोन्हीकडे चालत नाहीत. मुरमाड जागेत ते जवळजवळ हवेत.

मडक्याचं सिंचन, म्हणजे झाडाशेजारी पुरलेल्या मडक्यातून झिरपणारं पाणी, दाखवायला फार छान, पण हौशी मंडळी त्या मडक्यांवर ऑइल पेंटने वारली काढतात. रंगाने छिद्रं बुजतात आणि पाणी झिरपतच नाही. गळ्यापर्यंत पुरायचं मडकं कोरंच हवं. चित्र झाकणावर काढा. झाकण तसंही लागतंच, नाहीतर डासांची सोय होते.

आच्छादन तीन-चार इंच, खोडापासून वीतभर लांब. पाचट, पालापाचोळा काहीही चालेल, वाळवीवर लक्ष ठेवा. कपडे धुतलेलं पाणी रोज काळ्या मातीत सोडू नका. साबणातल्या सोडियमने ती चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होते.

माळीकाकांना मात्र सुरुवातीपासून सोबत घ्या. ज्यांनी आयुष्यभर पाइप धरून पाणी घातलं, त्यांना थेंबथेंब पाणी म्हणजे झाडाची उपासमारच वाटते आणि मग संध्याकाळी पाइप बाहेर निघतो. कुठला व्हॉल्व्ह किती वेळ, हे व्हॉल्व्हवरच रंगाने लिहून ठेवा.

पाटीवर उद्घाटकांची नावं किती मोठी असतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याखाली निदान झाडाचं नाव, आठवड्याचं पाणी आणि रोप कुठं मिळेल एवढं तरी लिहा. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत देशी रोपं स्वस्तात मिळतात, हे अनेकांना माहीतच नसतं.

आणि पानं पिवळी पडली की लगेच पाणी वाढवू नका. काळ्या जमिनीत बहुतेकदा ते जास्त पाण्याचं लक्षण असतं. चार-पाच इंच खोलवरची माती मुठीत दाबून बघा. तिचा गोळा होत असेल तर दोन दिवस व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि मग पुन्हा उकरून बघा.