ग्रुपमधल्या शिव्या आणि भोसले

आमचा क्रिकेटचा टेलिग्राम ग्रुप आहे. आयपीएल सुरू झाली की शिव्यांना ऊत येतो. शब्द गाळणारा बॉट लावला, तर पहिला बळी गेला भोसले आडनावाचा. नंतर अच्युत नावाचे एक काका अडकले. रोमन लिपीत 'chutney' लिहिणाऱ्याचाही मेसेज उडाला. कारण सोपं: बॉट अक्षरांचा तुकडा कुठेही सापडला की उडवत होता.

मग नियम पूर्ण शब्दापुरता केला. पण मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, म्हणून '-च्या', '-ला', '-नो' लावलेली रूपंही यादीत घातली. लोक अक्षरांमध्ये टिंबं, चांदण्या टाकतात, तर तपासणीआधी ती काढून टाकली. देवनागरी आणि रोमन, दोन्ही याद्या वेगळ्या ठेवल्या. 'आयला', 'च्यायला' मुद्दाम सोडले. विकेट पडल्यावर माणसाने म्हणायचं तरी काय?

जातीवरून केलेल्या शिवीगाळीला मात्र ताकीद नाही, थेट बाहेर. तिथे १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू शकतो, नुसत्या शिष्टाचाराचा प्रश्न उरत नाही.

बाकीच्यांना खासगीत मेसेज करतो, चारचौघांत नाही. सगळ्यांसमोर टोकलं की माणूस आणखी पेटतो. तरीही ऐकलं नाही, तर २४ तास लिहिणं बंद.

सगळ्यात जास्त उपयोग झाला स्लो मोडचा. सामना सुरू होताना ३० सेकंदांचा लावतो, म्हणजे एक मेसेज टाकला की पुढचा टाकायला तेवढं थांबावं लागतं. राग तेवढ्यात थोडा उतरतो, निदान शिवी तरी नीट विचार करून दिली जाते.