गळ टाकण्यात तुमचं पक्कं काय, कच्चं काय? ओळखायचं कसं आणि सुधारायचं कसं

गळ टाकणाऱ्या कुणालाही विचारा की बाबा तुझं सगळ्यात कच्चं काय, तर बहुतेक जण एकच सांगतात, "मासा लागतो पण काठाशी येऊन सुटतो यार." आणि पक्कं काय विचारलं तर छाती फुगवून, "फेक! आपली फेक लांब जाते." माझं मत असं की ही दोन्ही उत्तरं बऱ्याचदा चुकीची असतात. सुटलेला मासा डोळ्यासमोर सुटतो म्हणून तो वर्षभर लक्षात राहतो, आणि चार तास बसून एकदाही लाइन हलली नाही त्याचा दोष मात्र आपण उन्हाला देतो, अमावस्येला देतो, रात्री इंदूरच्या सराफ्यात खाल्लेल्या तळलेल्या गराडूलासुद्धा देतो. खरं कच्चेपण त्या कोऱ्या चार तासांत असतं, पण तिथं काही घडलेलंच नसतं म्हणून आठवणार काय?

तर ते शोधायचं कसं ते सांगतो. आधी एक गोष्ट क्लिअर करू. यूट्यूबवर गळाचं जे काही शिकायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेतल्या बास माशाचं, लार्जमाउथ बास. तो आपल्या इंदूरच्या आसपास नाही, आणि आणायच्या भानगडीत कुणी पडूही नये. पण बास जसा झाडोऱ्याच्या, बुंध्याच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो, तसाच आपला मरळ, ज्याला इथले लोक सांवल म्हणतात. त्यामुळे बासवाल्यांचं बरंचसं कसब इथे चालतं, थोडं बदलून. कुठे बदलायचं ते पुढे येईलच.

आणि नियम. मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद, हा माशांच्या विणीचा काळ. तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे पट्ट्यावर असतात, तेव्हा आधी विचारा, परवानगी घ्या, मगच रॉड काढा. इंदूरजवळचे सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव २०२२ पासून रामसर स्थळं, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत, सिरपूरला तर दुर्बीण घेऊन पक्षी बघायलाच जा. महेश्वरच्या घाटावर लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, तिथं गळ टाकणं बरं दिसत नाही. झालं, आता कामाचं.

पायरी १: एक वही करा

फॅन्सी काही नको, खिशातली छोटी वही किंवा मोबाइलमधलं नोट चालेल. प्रत्येक वेळी चार रकाने: किती वेळ काहीच शिवलं नाही, किती वेळा ओढ आली पण मासा अडकला नाही, किती अडकून सुटले, किती हातात आले. बाजूला वेळ, वारा कुठल्या बाजूनं होता, पाणी गढूळ की निवळ. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, शेजारी बसलेल्याला काही लागलं का? कारण त्या दिवशी कुणालाच काही लागलं नसेल तर दिवसच तसा होता, तुमची परीक्षा झालीच नाही. पण तुमच्या हातात आठ हजाराचा रॉड आणि पलीकडे बांबूची काठी घेऊन बसलेल्या काकांच्या थैलीत तीन मासे, तर मग भिया, वही नीट उघडा.

तिथल्या तिथेच लिहा. घरी येऊन लिहिलं की आठवण आपल्या बाजूनं बोलायला लागते.

पायरी २: कुठला रकाना भरतोय ते बघा

पाच-सहा वेळा जाऊन आलात की चित्र दिसायला लागतं. पहिलाच रकाना भरलेला असेल तर प्रश्न पाणी ओळखण्याचा आहे, किंवा आमिषाचा, किंवा तुम्ही काठावर धपाधपा चालता त्याचा (हसू नका, उथळ पाण्यातल्या माशाला जमिनीचा हादरा कळतो). दुसरा रकाना भरला तर गळाचं टोक नाहीतर झटका द्यायची वेळ. तिसरा भरला तर गाठ, ड्रॅग (रीळचा ब्रेक, मासा किती जोरानं ओढल्यावर लाइन सुटेल ते ठरवणारा) किंवा ढिली सुटलेली लाइन. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचा पहिला रकाना भरतो आणि ते सगळे पैसे घालतात तिसऱ्यावर, म्हणजे महागडी रीळ घेतात, जाड लाइन घेतात, जाळी घेतात. मासा लागलाच नाही तर जाळीत घेणार काय?

पायरी ३: पाणी वाचायला शिका, आणि त्यासाठी मे महिन्यात जा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण ही गोष्ट सगळ्यात कमी लोक शिकतात आणि फायदा सगळ्यात जास्त हिच्यातच आहे.

आपल्याकडचे तलाव, धरणं उन्हाळ्यात खाली जातात. खंडवा रोडनं सिमरोळ ओलांडून चोरल धरणाला मे महिन्यात जाऊन बघा, जो काठ एरवी पाण्याखाली असतो तो उघडा पडलेला असतो. कुठे जुन्या झाडाचे बुंधे आहेत, कुठे दगडांचा ढीग आहे, जुना ओढा कुठून वाहायचा, चढ कुठे एकदम तुटतो, सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक फोटोत मागचं काहीतरी न हलणारं येऊ द्या, टेकडी, मंदिर, विजेचा खांब, म्हणजे ऑक्टोबरमध्ये पाणी भरल्यावर नेमकं कुठे उभं राहायचं ते कळेल. मॅपवर सॅटेलाइटचे जुने फोटो मिळतात, उन्हाळ्यातला एखादा सापडला तर तोही सेव्ह करून ठेवा. अमेरिकेतले बासवाले यासाठी बोटीवर सोनारचे, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राचे, मोठे मोठे स्क्रीन लावतात आणि त्यावर लाखो रुपये घालवतात, आपल्याला उन्हाळा हे फुकटात करून देतो, फक्त टोपी घालून जायचं.

मग पाणी असताना काय बघायचं? सावली. गवताची कड, त्यातही जिथं गवत आत वळतं तो कोपरा. ओढ्याचं पाणी जिथं तलावात येतं ती जागा. वारा ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ, कारण तरंगणारं खाद्य तिकडे ढकललं जातं, त्याच्यामागे छोटे मासे जातात आणि छोट्यांच्या मागे मोठे. फेकायला त्रास होतो म्हणून आपण नेमकं वाऱ्याकडे पाठ करून बसतो, ही अगदी कॉमन सवय आहे.

मरळची तर एक खास खूण आहे. त्याला हवेतून श्वास घ्यावाच लागतो, नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, म्हणून तो मधून मधून वर येतो, पाणी जरा फुगतं, बुडबुडे सुटतात. पाच-दहा मिनिटं रॉड खाली ठेवून नुसतं बघत बसा. बहुतेकांना हे जमत नाही, गाडीतून उतरल्या उतरल्या पहिली फेक गेलेली असते. पोलराइज्ड चष्मा असेल तर पाण्यावरची चमक कापली जाते आणि उथळ भागातलं बरंच काही दिसतं, रीळवर खर्च करण्याआधी यावर करा.

आणि हलत राहा. एका जागी पंधरा-वीस चांगल्या फेकी झाल्या, काही नाही, पुढे चला. तंबू ठोकून बसायचं ते कणकेची गोळी लावून रोहू-कतलासाठी, दबा धरणाऱ्या माशासाठी आपणच त्याच्याकडे जायचं असतं.

पायरी ४: फेक मोजा, लांबी नाही, नेम

कॉलनीच्या मैदानात सकाळी क्रिकेटवाली पोरं यायच्या आत जा. एक घमेलं ठेवा, लाइनला गळ न लावता दहा ग्रॅमचं रबरी वजन बांधा, आणि पाच, आठ, बारा मीटरवरून प्रत्येकी दहा फेका. किती घमेल्यात पडले ते लिहा. "आपली फेक लांब जाते" म्हणणाऱ्याचे पाच मीटरवरून दहात दोन पडतात, हा तमाशा बघण्यासारखा असतो. मरळ गवताच्या कडेला हातभर आत बसलेला असतो, तिथून दोन मीटर बाजूला पडलेलं आमिष त्याच्या कामाचं नाही. बासमध्ये तर जवळच्या जवळ, खालून अलगद झुलवत आमिष सोडायची वेगळी पद्धतच आहे, पिचिंग म्हणतात, आमिष पाण्याला जवळजवळ लागून जातं आणि आवाज न करता बसतं. तीच घमेल्यावर करा. आवाज आला तर ती फेक मोजायची नाही.

ज्यांच्याकडे बेटकास्टिंग रीळ आहे (फेकताना जिचा स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली फिरकी, स्वतः फिरतो) त्यांचा वेगळा वैताग, लाइनचा गुंता. स्पूल फिरतो जोरात आणि लाइन तेवढ्या वेगानं बाहेर जात नाही, म्हणून होतो तो. बाजूची घुंडी इतकी आवळा की रॉड आडवा धरून बटण दाबल्यावर वजन सावकाश खाली जाईल आणि जमिनीला टेकल्यावर स्पूल थांबेल. बाकी काम अंगठ्याचं, आमिष पाण्याला लागायच्या आत अंगठा स्पूलवर. नवीन असाल तर सरळ स्पिनिंग रीळ घ्या, तिचा स्पूल फेकताना फिरत नाही, इज्जत जात नाही.

पायरी ५: झटका, गाठ, ड्रॅग

हे लवकर उरकतो कारण हे एका संध्याकाळीत सुधारतं. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं ओढा, घसरलं तर बोथट आहे, छोट्या कानसेनं धार लावा नाहीतर बदला. मरळचं तोंड हाडासारखं कडक असतं, बोथट गळ रुतत नाही. आमिष म्हणून रबरी बेडूक वापरत असाल तर पाणी उसळलं की लगेच झटका देऊ नका, रॉडवर वजन जाणवू द्या, मग द्या. साधी तंगूस (नायलॉनची लाइन) ताणली जाते, त्यामुळे लांबवरच्या माशाला झटका पोचता पोचता अर्धा होतो, गवतात खेळायचं तर ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली लाइन बरी.

गाठ एकच शिका पण डोळे मिटून बांधता येईल अशी, पॅलोमार सोपी आहे. आवळण्याआधी थुंकी लावा, कोरडी आवळली की घासून तापते आणि लाइन तिथंच कमजोर होते. ड्रॅग अंदाजानं लावू नका, सामान तोलायचा लटकता काटा लाइनला अडकवून ओढा, पाच किलोच्या लाइनला सव्वा ते दीड किलोवर रीळ सुटायला पाहिजे.

पायरी ६: पक्कं काय त्यावर दिवस उभा करा

कच्चं सुधारायच्या नादात पक्कं विसरू नका. अमेरिकेत बासमास्टर क्लासिक नावाची मोठी स्पर्धा असते, ती १९७१ पासून चालू आहे. केविन व्हॅनडॅमनं ती चार वेळा जिंकली, त्याचं बलस्थान भराभर फेकून खूप पाणी पालथं घालायचं. डेनी ब्राउअर १९९८ मध्ये जिंकला, तो ओळखला जातो जवळच्या झाडोऱ्यात शांतपणे आमिष सोडण्यासाठी. दोघं एकमेकांच्या अगदी उलट. बासचा वजनाचा जागतिक विक्रमही आणखी वेगळ्याच दोन माणसांच्या नावावर आहे, जॉर्ज पेरी, जॉर्जिया, १९३२, आणि मानाबू कुरिता, जपानचं बिवा सरोवर, २००९, दोन्ही मासे दहा किलोच्या जरा वर. पेरीनं नकली आमिषावर काढला, कुरितानं जिवंत माशावर. तेव्हा कुणी छातीठोक सांगत असेल की हेच एक कसब खरं, तर हो म्हणा आणि आपलं चालू ठेवा.

दिवसाचा सगळ्यात चांगला वेळ, पहाट आणि दिवेलागण, आपल्या पक्क्या पद्धतीला द्या. पण यात एक मेख आहे. नवीन आमिष किंवा नवीन पद्धत लोक कधी काढतात? काहीच लागत नसताना. मग त्यावरही काही लागत नाही आणि "हे चालत नाही आपल्याकडे" म्हणून ते कायमचं डब्यात जातं. उलटं करा, मासे लागायला लागले, दोन-तीन हातात आले की तेव्हा बदला आणि कच्ची पद्धत काढा. मासा तिथं आहे हे माहीत असतं, त्यामुळे चुकलं तर आपलं काय चुकलं ते लगेच कळतं.

बंद ऋतूचे दोन महिने घमेलं, गाठी आणि धार यांना. रॉडला हात लागत राहतो आणि घरातलेही खूश, रविवारी निदान पोहे तरी सोबत खाल्ले जातात.

पायरी ७: सोडता येणं

हे कसब कुणी मोजतच नाही. आपल्या मराठी घरांत बऱ्याच ठिकाणी मासा शिजतच नाही, त्यामुळे पकडून सोडणारे खूप आहेत, पण नीट सोडणारे कमी. हात ओले करा, गळाची उलटी नखी पक्कडनं आधीच दाबून टाका म्हणजे गळ पटकन निघतो, मासा आडवा आणि दोन्ही हातांवर धरा. व्हिडिओत बासच्या तोंडात अंगठा घालून उचलतात ते मरळला करू नका, बासचे दात सँडपेपरसारखे बारीक असतात, मरळचे टोकदार, अंगठा फाटतो. लांब चिमटा ठेवा. पिल्लांचा लाल-नारिंगी घोळका पाण्यावर दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात, ते त्या वेळी कशावरही धावतात म्हणून पकडणं सोपं असतं, आणि म्हणूनच तिथं गळ टाकायचा नाही, ते गेले की पिल्लं दुसऱ्यांच्या पोटात. नर्मदेवर गेलात आणि महाशीर लागला, तिकडे बाडस म्हणतात, तर तो मध्यप्रदेशचा राज्य मासा आहे, फोटोसुद्धा पाण्यातच काढून सोडा. धरणाच्या खालच्या बाजूला उभे असाल तर सायरन वाजताच वर चढा, पाणी फार पटकन वाढतं.

दोन महिन्यांनी वही परत उघडा. पाणी वाचणं सुधारलं असेल तर पहिला रकाना रिकामा व्हायला लागतो आणि तिसरा भरायला लागतो, आता मासे लागतायत म्हणून सुटतायत. नवीन रीळ घ्यायची तर ती तेव्हा घ्या.