डेटाबेस बाहेरून जोडला जात नाही? घाई करू नका

बॅकएंडचं काम शिकायला लागलेली मुलं एक तक्रार हमखास घेऊन येतात. सर्व्हरवर पोस्टग्रेस (एक डेटाबेस) टाकलं, तिथे नीट चालतं, पण लॅपटॉपवरून जोडायला गेलं की 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. शोधाशोध केली की कुणीतरी सांगतंच, डेटाबेसच्या सेटिंगमध्ये ०.०.०.० टाका. टाकलं की चालतं, मग ते तसंच राहून जातं.

पण तो अडथळा मुद्दाम ठेवलेला असतो. १२७.०.०.१ म्हणजे लोकलहोस्ट, मशीनचा स्वतःपुरता पत्ता. त्यावर ऐकणारा, म्हणजे जोडणीची वाट पाहणारा, डेटाबेस फक्त त्याच मशीनवरच्या प्रोग्रॅमशी बोलतो. ०.०.०.० म्हणजे मशीनचा प्रत्येक नेटवर्क इंटरफेस (नेटवर्कला जोडणारी वाट), पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून दिसणारा पत्ता, असेल तर तोही.

मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसच्या बाबतीत काय झालं ते वाचून ठेवा. लॉगिनची अट मुळात बंद आणि त्याचा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) २७०१७ इंटरनेटवर उघडा, असे हजारो डेटाबेस जानेवारी २०१७ मध्ये पुसले गेले आणि जागी खंडणीची चिठ्ठी आली. त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी सगळीकडे आधी लोकलहोस्टवरच ऐकू लागलं. रेडिस या डेटाबेसने त्याआधीच, ३.२ आवृत्तीत, पासवर्ड नसेल तर बाहेरच्या जोडण्या नाकारणारा प्रोटेक्टेड मोड आणला होता. मला विचाराल तर हे आधीच व्हायला हवं होतं. नवख्याने मॅन्युअल वाचूनच सुरुवात करावी ही अपेक्षाच चुकीची.

तरीही डिफॉल्टवर (आधीपासून लावलेल्या सेटिंगवर) डोळे झाकून विसंबू नका. उबुंटू लिनक्सच्या पॅकेजमधला मायएसक्यूएल हा डेटाबेस लोकलहोस्टवर ऐकतो, मूळ मायएसक्यूएलचं डिफॉल्ट मात्र सगळ्या पत्त्यांवर ऐकण्याचं आहे. सॉफ्टवेअर तेच, फरक कुठून घेतलं याचा. म्हणून इन्स्टॉल झाल्या झाल्या लिनक्सच्या 'एसएस' (ss) कमांडने कोणता पोर्ट कोणत्या पत्त्यावर ऐकतोय ते पाहायची सवय लावा.

डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) वापरत असाल तर जास्तच जपा. पोस्टग्रेसचा पोर्ट ५४३२:५४३२ (आधी मशीनचा, मग कंटेनरचा) असा दिला की तो सगळ्या इंटरफेसवर उघडतो, आणि डॉकर लिनक्सच्या फायरवॉलमध्ये स्वतःचे आयपीटेबल्स नियम लिहीत असल्याने यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या साधनात तो पोर्ट अडवलेला असला तरी बाहेरून पोचता येतं! यात मुरलेले लोकही फसतात. पुढे पत्ता जोडून १२७.०.०.१:५४३२:५४३२ लिहिलं की काम भागतं.

मग लॅपटॉपवरून जोडायचं कसं? एसएसएच टनेलने, म्हणजे सर्व्हरवरच्या सुरक्षित लॉगिनमधून काढलेल्या वाटेने. लॅपटॉपवरचा एखादा रिकामा पोर्ट सर्व्हरच्या लोकलहोस्ट ५४३२ ला जोडायचा. डेटाबेसच्या सेटिंगला हातही लावावा लागत नाही. पीजीअ‍ॅडमिन आणि डीबीव्हर या डेटाबेस हाताळायच्या दोन्ही प्रोग्रॅममध्ये कनेक्शनच्या खिडकीतच एसएसएच टनेलची सोय असते, तिथे सर्व्हरचा पत्ता आणि तुमची एसएसएच की (किल्ली) असलेली फाइल द्यायची.