गळ टाकायचाय? आधी तिथी बघा : नेरूळच्या खाडीपासून उरणपर्यंत

पहिल्यांदा गेलो तेव्हा नवाकोरा रॉड होता, डब्यात कोळंबी होती, टोपी होती, फक्त पाणी नव्हतं. नवी मुंबईत नेरूळजवळच्या सारसोळेच्या जेट्टीवर सकाळी दहाला पोचलो तर समोर नुसता चिखल, निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारतायत, होड्या कलंडून पडल्यात. जाळं शिवत बसलेले एक काका हसले आणि म्हणाले, "तिथी बघून निंगालास का?" पंचमी होती.

तर पहिली स्टेप रॉडची नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरची. तिथीचा आकडा घ्यायचा, शुक्ल असो की वद्य, आणि पाऊणपट करायचा. पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पंचमीला दुपारी पावणेचारच्या आसपास भरती पूर्ण, आणि त्याआधी सव्वासहा तास ओहोटीचा तळ, म्हणजे साडेनऊ. मी दहाला गेलो होतो! अष्टमीला भरती सहाला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, खाडीत आत जाल तसं थोडं उशिरा, त्यामुळे मोबाईलवर टाइड टेबल पण बघून घ्या. बसायचं कधी तर भरतीचा दुसरा अर्धा भाग आणि पाणी फिरल्यावरचा पहिला तास. बाकी वेळ चहा प्या.

सामान जास्त लागत नाही. शिकताना तर हातदोरीच बरी, 0.40 मिलीमीटरची तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली, टोकाला 30-40 ग्रॅमचं शिसं आणि त्याच्या वीतभर वर गळ. गळ शिशाच्या खाली बांधला की चिखलात रुततो आणि तुम्ही तासभर चिखलालाच खायला घालत बसता. आमिषाला बाजारातली छोटी कोळंबी, डोकं काढायचं, शेपटीकडून गळ आत घालून वाकवत न्यायचा आणि टोक जरासं बाहेर ठेवायचं. बोईट मासा मात्र कोळंबीला फारसा विचारत नाही, त्याला कणकेची गोळी लावा.

टाकल्यावर दोरी ताणून बोटावर धरा. टुकटुक टुकटुक झालं की लगेच ओढू नका, ते बारकं म्हावरं कुरतडतंय, दोरी सरळ चालायला लागली की मग मनगटानेच एक झटका. हे सांगून येत नाही, आठ-दहा कोळंब्या फुकट गेल्या की बोटालाच कळतं.

सुरुवात सारसोळे नाहीतर बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याकडून करा. जेट्टी कोळी बांधवांची आहे, आपण पाहुणे, म्हणून "काका, इथं टाकू का?" विचारायचं आणि होडी येताना दिसली की दोरी गुंडाळायची. चिखलात उतरायचं नाही, कमरेपर्यंत जाल. ऐरोलीकडे खाडीच्या वरच्या अंगाला 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिकडे गळ न्यायचा नाही. आणि नाल्याच्या तोंडाशी मिळालेलं म्हावरं मी घरी नेत नाही, एमआयडीसीचं पाणी कुठून येतं ते सगळ्यांना माहितीये.

हात बसला की उरण. मूळचं करंजा बेटच ते, आता 2024 पासून नेरूळ-बेलापूरहून थेट लोकल जाते, पुढे रिक्षा. करंजाला धरमतर खाडी समुद्राला मिळते, खडक आहेत, त्यामुळे तांबोशी, हेकरू असे मासे मिळतात, नशीब जोरावर असेल तर जिताडा. पण अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथे पाण्याला एवढी ओढ असते की शिसं तळाला टिकतच नाही, म्हणून अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती पकडा. खडकात शिसं अडकणारच, गॅरेजवाल्याकडून जुने स्पार्क प्लग मागून आणा आणि ते पातळ दोऱ्याने बांधा, अडकलं तर प्लग जातो, गळ आणि मासा राहतो. नेव्हीच्या हद्दीजवळ फिरकू नका, पाटी दिसली की मागे फिरा. जून-जुलैमध्ये तर खडकावर जाऊच नका, कितीही चांगला स्विमर असाल तरी.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, शिंगाळा. मिशा असलेला, बुळबुळीत, पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा, आणि तो काटा विषारी. मी गळ काढायला नुसत्या हाताने धरला आणि रात्रभर हात ठणकत होता. जाडं फडकं टाकून पक्कडीने गळ सोडवायचा, आणि लागलंच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, कळ बरीच कमी होते, काटा आत तुटला असेल तर डॉक्टर. हाताएवढीही नसलेली पिल्लं आणि अंडीवाली चिंबोरी परत सोडा.

येताना म्हावरं बर्फात घालून झाकणाच्या डब्यात आणा. मी एकदा पिशवीतून आणलं, उरणहून नेरूळपर्यंत माझ्या बाजूची सीट रिकामी होती.